रामदेवरायाच्या लेकीला या वादातून सोडा

मागच्या हिवाळ्यात एका तालुक्याच्या गावी देवगिरीच्या यादवांवर बोलायला गेले होते. तासभर बोलले. भिल्लमाने देवगिरीला राजधानी कशी वसवली, सिंघणाने राज्य कुठवर नेले, शिलालेखांत आणि दानपत्रांत मराठी कशी उतरत गेली, हे सगळे झाले. प्रश्नांची वेळ आली आणि पहिलाच प्रश्न आला, "रामदेवरायाने पोटची पोर अल्लाउद्दीनला दिली, हे खरे का?" मी तोंड उघडायच्या आत मागच्या रांगेतून दुसरे गृहस्थ उठले, "हे सगळे शत्रूने लिहून ठेवलेले आहे, एक अक्षरही मानू नका." पुढचा पाऊण तास त्या दोघांनीच घेतला. एकाच्या लेखी रामदेवराय भेकड होता, दुसऱ्याच्या लेखी तो ज्ञानोबा माउलींनी गौरवलेला पुण्यश्लोक राजा. आवाज चढले, संयोजकांनी आभार मानून टाकले आणि लोक उठले. असा प्रसंग माझ्यावर पहिल्यांदा आला नव्हता. देवगिरीचा विषय निघाला की गाडी दरवेळी याच रुळावर जाते.

म्हणून माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. रामदेवराय दोषी आहे आणि त्याचे दोष मोठे आहेत. पण लेकीचे लग्न त्या दोषांत मोडत नाही, आणि ते लग्न झालेच नाही असे सिद्ध केल्याने त्याचा एकही दोष धुऊन निघत नाही. न्याय करायचाच असेल तर ज्या वर्षांत त्याच्या हातात सत्ता होती, फौज होती आणि वेळ होता, त्या वर्षांवरून करा. गादीवर बसल्यापासून अल्लाउद्दीन खिलजीच्या स्वारीपर्यंतची, १२७१ ते १२९६ ही पंचवीस वर्षे आणि पुढे दिल्लीची दुसरी स्वारी येईपर्यंतची, १२९६ ते १३०८ ही बारा. या सदतीस वर्षांबद्दल आपण बोलतच नाही. एका मुलीबद्दल बोलतो, जिच्या मताला त्या तहात काडीची किंमत नव्हती.

आधी पुराव्याचे बघू. या लग्नाचा उल्लेख फारसी कवी इसामी करतो. त्याने 'फुतूह-उस-सलातीन' हे काव्य १३५० मध्ये दख्खनेतच पुरे केले. मुहम्मद तुघलकाने दिल्लीकरांना दौलताबादेला हलवले तेव्हा हा पोरगेला इसामी नव्वदीच्या आजोबांबरोबर निघाला होता. आजोबा वाटेतच गेले. पुढची वीसेक वर्षे त्याने देवगिरीच्याच परिसरात काढली. म्हणजे दिल्लीच्या दरबारात बसून ऐकीव लिहिणाऱ्यांपैकी तो नाही. रामदेवरायाला पाहिलेली माणसे तेव्हा हयात असणार आणि त्यांच्या तोंडच्या गोष्टी त्याच्या कानावर पडल्या असणार. त्याच्या काव्यातले मुलीचे नाव कुणी झत्यपाली वाचतो, कुणी जेठापाली, कुणी झिताई. उत्तरेतल्या कथाकाव्यात ती 'छिताई' होऊन गेली आणि तिथे तिची कथाच निराळी झाली. अल्लाउद्दीनचा मुलगा शिहाबुद्दीन उमर हा तिच्या पोटचा, असे इसामी सांगतो.

आता "शत्रूने लिहिले म्हणून खोटे" म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न आहे. याच इसामीने लासूरच्या घाटातली लढाई लिहून ठेवली आहे. अल्लाउद्दीन देवगिरीवर चालून येत असताना तिथला अधिकारी कान्हा त्याला आडवा गेला, आणि त्याच्याबरोबर दोन स्त्रिया फौजेच्या तोंडाशी इतक्या त्वेषाने लढल्या की आलेले सैन्य चकित झाले, हे इसामी सांगतो. शत्रूचा म्हणून लग्न खोडायचे असेल तर या दोघीही खोडाव्या लागतील. कराल तसे? मला तर तो माणूस दोन्ही ठिकाणी ऐकलेले लिहिताना दिसतो. आणि ज्यांना रामदेवरायाच्या अब्रूची एवढी चाड आहे, त्यांच्या तोंडून मी या दोघींचा उल्लेख आजवर एकदाही ऐकलेला नाही.

समजा लग्न झाले. मग काय? मध्ययुगीन राजघराण्यात लेक हे तहाचे कलम असे. क्रूर होते ते, पण सगळ्यांचेच होते. विजयनगरच्या पहिल्या देवरायाने १४०६ च्या सुमारास बहमनी फिरोजशाहाशी तह केला, त्यात आपली मुलगी दिली आणि तिच्याबरोबर बंकापूरही दिले, असे नंतरचा इतिहासकार फिरिश्ता लिहितो. त्यानंतर विजयनगर दीडशेहून अधिक वर्षे टिकले, शंभर वर्षांनी तिथे कृष्णदेवरायाचा काळ आला. देवरायाचे नाव काढताच त्याच्या लेकीची आठवण काढणारा माणूस मला भेटलेला नाही. हाच तह आणि हेच कलम. देवरायाच्या वाट्याला विस्मृती आली आणि रामदेवरायाच्या वाट्याला धिक्कार, कारण एकाचे राज्य टिकले आणि दुसऱ्याचे बुडाले. म्हणजे आपण चिडतो ते राज्य बुडाल्यावर आणि राग काढतो त्या मुलीवर.

रामदेवरायाला भेकड म्हणणाऱ्यांचे जे खरे आहे ते मी नाकारत नाही. रणथंबोरचा हम्मीर याच अल्लाउद्दीनपुढे १३०१ मध्ये लढून मेला. आश्रयाला आलेल्यांना त्याने परत दिले नाही. त्याच्याशेजारी रामदेवरायाला उभे केले की रामदेवराय खुजा दिसतो, हे मान्य करायला मला संकोच वाटत नाही. शिवाय हा काही चार दिवसांचा राजा नव्हता. चाळीस वर्षे तो गादीवर होता. "परिस्थितीच वाईट होती" ही सबब नवख्याला शोभते. चाळीस वर्षे राज्य करणाऱ्याने ती परिस्थिती घडवलेलीही असते. आणि तिसरी गोष्ट सर्वांत जड आहे. १३०९ मध्ये अल्लाउद्दीनचा सेनापती मलिक काफूर काकतीयांच्या वरंगळवर गेला, पुढे होयसळांच्या द्वारसमुद्रावर गेला, तेव्हा देवगिरी हा त्याचा मुक्काम होता. रामदेवरायाने त्याच्या फौजेसाठी बाजार मांडले, धान्य पुरवले, आणि आपल्या परशुराम दळवीला होयसळांच्या सीमेपर्यंत वाट दाखवायला दिले. हे दिल्लीचा दरबारी कवी अमीर खुसरो याने नोंदवले आहे आणि ते खोटे मानायला जागा नाही.

पण हे मान्य करूनही मी मूळ मुद्द्यावर ठाम आहे, कारण आपण बोट ठेवतो ते चुकीच्या जागी. जखम १२९६ मध्ये झाली नाही. तिची सुरुवात १२७१ मध्ये झाली आणि ती घरातच झाली.

रामचंद्र हा कृष्णदेव यादवाचा मुलगा. कृष्ण वारला तेव्हा तो लहान होता, म्हणून धाकटा चुलता महादेव गादीवर बसला. महादेवाने दहा वर्षे राज्य केले आणि जाताना गादी पुतण्याला परत न देता स्वतःच्या मुलाला, अम्मणाला दिली. रामचंद्राने मग काय केले? नाटक-नाचाचा फड घेऊन तो देवगिरीच्या गडावर शिरला. सोबतची माणसे कलावंतांच्या वेषातले सैनिक होते. अम्मण खेळ बघायला बसला. खेळ रंगात आला आणि नाचणाऱ्यांनी हत्यारे काढली. अम्मण कैद झाला, आणि त्याचे डोळे काढल्याचे महानुभाव परंपरेतल्या ग्रंथांत येते. चुलतभावाचे डोळे! ही गोष्ट आपल्या वादात कधी येत नाही, कारण ती दोघांच्याही सोयीची नाही. पुण्यश्लोक म्हणणाऱ्याला ती अडचणीची आणि भेकड म्हणणाऱ्यालाही, कारण असा गड घेणाऱ्या माणसाला भित्रा कसे म्हणायचे?

रामदेवरायाकडे धाडस होते, कावा होता, आणि दयामाया बेताची होती. पुढच्या काही वर्षांत त्याचा सेनापती टिक्कम होयसळांच्या राजधानीपर्यंत जाऊन आला. पंढरपूरच्या, 'चौऱ्यांशीचा लेख' म्हणतात त्या शिलालेखात राजाला 'पंढरीफडमुख्य' म्हटले आहे, आणि ज्ञानेश्वरीच्या अखेरीस १२९० मध्ये माउलींनी त्याला 'यदुवंशविलासु' म्हटले, न्याय पोसणारा म्हटले. माउलींचे शब्द मी हलके मानत नाही. प्रजेला त्या काळात स्वस्थता होती, शेतीभाती नीट चालली होती, त्याशिवाय असा ग्रंथ नेवाशासारख्या ठिकाणी बसून होत नाही. पण राजाने न्याय राखला म्हणून सीमाही राखली असे होत नाही. ही दोन वेगळी कामे आहेत आणि रामदेवरायाने एक केले, दुसरे केले नाही.

इथे एक जुना आरोप येतो, तो उडवून लावण्यासारखा नाही. कुणी म्हणतो, हेमाद्रीच्या 'चतुर्वर्गचिंतामणी'तल्या व्रतांनी आणि दानांनी राज्य पोकळ केले. कुणी म्हणतो, टाळमृदंगाने मनगटे ढिली केली. दोन्हीकडे विद्वान आहेत. पण हेमाद्री हा महादेवाचाही श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दप्तराचा प्रमुख होता, आणि त्याच महादेवाने उत्तर कोकणच्या शिलाहार सोमेश्वराला समुद्रावर गाठून बुडवले. बोरिवलीजवळ एकसरला जे वीरगळ आहेत, त्यांवरच्या कोरीव कामाचा संबंध याच युद्धाशी जोडतात. एकदा जाऊन बघा. काहींवर हत्ती आहेत, काहींवर वल्ह्यांच्या रांगा लावलेली जहाजे चाल करून जातात. तोच हेमाद्री, तीच व्रते, तोच काळ, आणि हे राज्य आरमारी लढाई मारते. व्रतांनी मनगट ढिले पडायचे तर ते आधीच पडायला हवे होते.

मग पडले काय? पहारा पडला. अल्लाउद्दीन १२९३ च्या सुमारास भिलशावर धाड घालून गेला होता आणि देवगिरीच्या संपत्तीची बातमी त्याला तिथेच लागली. विंध्याच्या पलीकडे असा माणूस फिरतो आहे हे तीन वर्षे यादवांना कळायला हवे होते. १२९६ मध्ये तो गंगाकाठच्या कडा या आपल्या ठाण्याहून काही हजार स्वारांनिशी निघाला आणि अचलपूरला आला. अचलपूर म्हणजे यादवांच्या राज्याच्या आत. तिथे त्याने मुक्काम केला. दिल्लीच्या सुलतानाशी बिनसले म्हणून दक्षिणेत राजमहेंद्रीच्या राजाकडे चाकरी शोधायला चाललो आहे, अशी हूल त्याने उठवली असे फिरिश्ता सांगतो. ही हूल पचते कशी? एवढी घोडी वऱ्हाडातून खाली येतात आणि पहिली लढाई होते ती लासूरला, राजधानीच्या दारात. मधल्या मुलखात ठाणी नव्हती का? सामंत नव्हते का? होते. पण ज्या राज्यात राजाच पुतण्या म्हणून फसवला गेला आणि मग भावाला फसवून गादीवर बसला, तिथे कोण कुणाला कशाची बातमी देतो, हा माझ्या दृष्टीने खरा प्रश्न आहे. मुख्य फौज युवराज शंकरदेवाबरोबर होती आणि तो राजधानीपासून दूर होता. फौज पोटच्या मुलाच्याच हाती ठेवायची, ही सवय १२७१ ची आठवण असलेल्या माणसाची असावी. हा माझा तर्क आहे, पण घराण्याचा इतिहास बघता तो मला टाळता येत नाही.

पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे. राजा गडावर चढला. खाली वाटेत कोकणातून मीठ घेऊन आलेल्या व्यापाऱ्यांची पोती पडली होती. धान्य समजून ती घाईघाईने वर नेली, आणि वेढ्यात उघडून बघतात तो आत मीठ. गोष्ट फिरिश्ताची, म्हणजे तीनशे वर्षांनंतरची. ती अक्षरशः घडली असो वा नसो, तिच्यात एक गोष्ट गृहीत आहे: गडावर धान्याचा साठा नव्हता. अख्ख्या दख्खनेत सर्वांत अवघड म्हणावा असा गड, आणि त्याची कोठारे रिकामी. तह ठरला तेवढ्यात शंकरदेव परतला आणि बापाचा निरोप न ऐकता लढला. लढाई त्याच्या बाजूने झुकत होती. अल्लाउद्दीनने गडाखाली नुसरतखानाला हजार स्वार देऊन ठेवले होते. ते मैदानाकडे दौडले, धुरळा उठला, आणि दिल्लीची मोठी फौज आली या भीतीने यादव सैन्य फुटले. मुळात दिल्लीहून कुणी येणारच नव्हते. सुलतान जलालुद्दीनला या स्वारीचा पत्ताही नव्हता. ही गोष्ट देवगिरीत एकालाही माहीत नसावी? मला रामदेवरायाचा राग येतो तो इथे. मुलीवरून नाही, हेरखात्यावरून.

आणि त्या लुटीचे काय झाले तेही बघा. फिरिश्ता सहाशे मण सोन्याचा आकडा देतो. आकडा फुगवलेला असणारच. पण त्या सोन्याच्या बळावर अल्लाउद्दीनने कड्याला आपल्या चुलत्याचा, जो त्याचा सासराही होता, खून केला आणि दिल्लीकडे निघाला. वाटेत मुक्कामामुक्कामाला सोन्याचे तुकडे मंजनीकात, म्हणजे दगड फेकण्याच्या यंत्रात, घालून जमलेल्या लोकांवर उडवले जात, असे दिल्लीचा इतिहासकार बरनी सांगतो. देवगिरीच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या संचितातून दिल्लीचे तख्त विकत घेतले गेले. घरातल्या माणसाचा घात करून गादी घेण्यात अल्लाउद्दीन आणि रामदेवराय यांत मला फरक दिसत नाही. फरक पुढे आहे. गादीवर बसल्यावर अल्लाउद्दीनने कायम खडी फौज उभी केली, घोड्यांना डाग दिले, धान्याचे भाव बांधले, खबरे ठेवले. रामदेवरायाने काय केले?

पुरंदरचा तह आठवा. १६६५ मध्ये शिवाजी महाराजांनी तेवीस किल्ले दिले आणि त्याच तहाप्रमाणे मिर्झाराजांच्या विजापूरवरच्या स्वारीत सामील झाले. त्या क्षणापुरते पाहिले तर तो झुकण्याचाच क्षण आहे. आपण त्याला तसे म्हणत नाही आणि ते बरोबरच आहे, कारण पुढच्या पाच वर्षांत महाराजांनी काय तयारी केली आणि १६७० मध्ये किल्ले कसे परत घेतले ते आपल्याला ठाऊक आहे. तहाची किंमत तहानंतरच्या दिवसांत कळते. रामदेवरायाला १२९६ नंतर बारा वर्षे मिळाली. खंडणी थांबवण्याइतकी हिंमत देवगिरीने दाखवली, पण ती थांबवल्यावर जे येणार होते त्याची तयारी दाखवली नाही. १३०८ मध्ये काफूर आला तेव्हा फारसा झगडा न होता राजा धरला गेला आणि दिल्लीला नेला गेला. तिथे सहा महिने पाहुणचार झाला, 'रायरायान' किताब मिळाला, लाख टंके आणि नवसारी मिळाली, आणि तो परत आला. बारा वर्षांचा हिशेब कुणी मागितला तर मी त्याच्या बाजूने एक शब्द बोलू शकणार नाही.

काफूरला केलेल्या मदतीचा बचावही मी करत नाही; फक्त "दक्षिणेच्या पाठीत खंजीर" हे वर्णन मला पटत नाही. दक्षिण अशी एक बाजू तेव्हा कुठे होती? जैतुगीने काकतीयांचा राजा मारून गणपतीला कैदेत ठेवले होते. भिल्लमाला होयसळ बल्लाळाने धूळ चारली होती. स्वतः तिसरा बल्लाळ, काफूर त्याच्या दारात आला तेव्हा, पांड्यांच्या भाऊबंदकीत हात मारायला दक्षिणेत गेला होता. शंभर वर्षे हे सगळे एकमेकांचे मुलूख जाळत होते. दिल्लीने त्यांना एकेकटे गाठले आणि त्यांनी तसे गाठू दिले. यात रामदेवराय एकटा नव्हता, पण तो पहिला होता, आणि पहिल्याने सावध केले असते तर दुसऱ्याला वेळ मिळाला असता. १३१० च्या पुरुषोत्तमपुरी ताम्रपटात त्याच्या जुन्या विजयांची लांबलचक यादी आहे, वाराणसी सोडवल्याचा दावा आहे, प्रधान पुरुषोत्तमाला दिलेल्या गावांचा तपशील आहे. दिल्लीच्या सहा महिन्यांवर अवाक्षर नाही.

घराण्याचा शेवटही कुणी फारसा सांगत नाही. रामदेवराय १३११ च्या सुमारास वारला. शंकरदेवाने दिल्लीशी संबंध तोडला. त्याच्यासाठी गुजरातच्या कर्णाची मुलगी देवलदेवी यायची होती. ती वेरूळच्या परिसरात दिल्लीच्या सैनिकांच्या हाती पडली होती. १३१३ मध्ये काफूरने त्याला मारले. मग जावई हरपाळदेव उठला. अल्लाउद्दीन मेल्यावर त्याने देवगिरी स्वतंत्र केली. अल्लाउद्दीनचा मुलगा मुबारकशाह स्वतः चालून आला, हरपाळदेवाला पकडले आणि जिवंत सोलले.

त्याआधी, १३१६ च्या जानेवारीत, काफूरने दिल्लीच्या तख्तावर एका पाच-सहा वर्षांच्या मुलाला बसवले होते. तो शिहाबुद्दीन उमर. इसामीचे खरे धरले तर रामदेवरायाचा नातू काही आठवडे हिंदुस्थानचा सुलतान होता. काफूर मारला गेला, मुबारकशाहाने आधी कारभार घेतला, मग तख्त घेतले, आणि मुलाचे डोळे काढून त्याला ग्वाल्हेरला धाडले. अम्मणाच्या डोळ्यांना तेव्हा पंचेचाळीस वर्षे झाली होती.

त्या मुलाच्या आईने दिल्लीत बसून बाप कैदी म्हणून आलेला पाहिला, किताब घेऊन परत गेलेला पाहिला, भावाला ज्याने मारले त्याच काफूरने आपल्या मुलाला गादीवर बसवलेले पाहिले. सातशे वर्षे आपण तिच्याबद्दल भांडतो आहोत ते तिला दिले की नाही दिले यावर. तिने काय पाहिले, हे त्या सभागृहातल्या दोघांपैकी एकानेही विचारले नाही.